पायाच्या ऑपरेशननंतरचा ब्लॉक : तो कसा चढतो, कधी उतरतो आणि त्या रात्रीची तयारी

पावलाचं ऑपरेशन सकाळी अकराला झालेलं असतं. संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांना रुग्ण सांगतो, "मला तर काहीच दुखत नाही." दुखत नाही तर गोळी कशाला, म्हणून रात्रीची गोळी तशीच पाकिटात राहते. पहाटे दोन-अडीचला ठणका सुरू होतो आणि बघता बघता असह्य होतो. तेव्हा घाईघाईने घेतलेली गोळी लागू पडायला पाऊण तास ते तास लागतो. घरच्यांना वाटतं, ऑपरेशन बिघडलं. बहुतेक वेळा ऑपरेशन चांगलं झालेलं असतं. उतरलेला असतो तो ब्लॉक. तो उतरणारच होता, आणि साधारण कधी उतरेल हे आदल्या सकाळीच सांगता आलं असतं.

ब्लॉक म्हणजे पावलाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या भोवती बधिरतेचं औषध सोडणं. आपल्याकडे रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि मज्जातंतूलाही, त्यामुळे "नसेत इंजेक्शन देणार" म्हटलं की सलाइनची सुई डोळ्यांसमोर येते. इथे तसं नसतं. औषध रक्तात जाता कामा नये, मज्जातंतूच्या आतही जाता कामा नये. त्याच्या अंगाला लागून, बाहेरून भिजेल असं पडायला हवं. या कामातलं सगळं कौशल्य त्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये आहे.

कमरेत इंजेक्शन दिलं, मग पायात आणखी कशाला?

पावलाची पुष्कळ ऑपरेशनं आपल्याकडे कमरेतल्या इंजेक्शनवर, म्हणजे स्पायनलवर होतात. त्यात ०.५ टक्के हेवी बुपिव्हाकेन हे बधिरतेचं औषध दोन ते तीन मिलिलिटर इतकंच लागतं आणि कमरेखालचा भाग दोन-तीन तास बधिर राहतो. ऑपरेशनला तेवढं पुरतं. पण हाड कापलं, स्क्रू घातले, तर खरं दुखणं पुढचे अठ्ठेचाळीस ते बहात्तर तास असतं. स्पायनल दुपारीच उतरतं आणि वेदना थेट पूर्ण जोरात भिडते. ब्लॉकने त्या एकाच पायाची बधिरता रात्रीपर्यंत लांबते; दुसरा पाय मोकळा राहतो, लघवी अडत नाही, मॉर्फिनच्या जातीची औषधं कमी लागतात आणि त्यामुळे मळमळ, उलट्या, गुंगी, बद्धकोष्ठता हेही कमी होतं. काही रुग्णांना, विशेषतः हृदय किंवा फुप्फुस कमजोर असलेल्यांना, स्पायनलशिवाय फक्त ब्लॉकवरच ऑपरेशन करता येतं.

पावलाच्या शस्त्रक्रियेचं दुखणं इतकं खात्रीचं असतं की नवीन वेदनाशामकं तपासायला जगभर हेच ऑपरेशन वापरतात. अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकून त्याच्या बुडाशी हाडाचा उंचवटा येतो, त्याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. तो सरळ करण्याची शस्त्रक्रिया ही वेदनाशामकांची नेहमीची परीक्षा आहे. हळूहळू सुटणाऱ्या लायपोसोमल बुपिव्हाकेनला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली ती याच शस्त्रक्रियेवरच्या आणि मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेवरच्या चाचण्यांनंतर. जानेवारी २०२५ मध्ये तिथे मान्य झालेली सुझेट्रिजिन ही गोळीसुद्धा या ऑपरेशनच्या रुग्णांवर तपासली गेली. तेव्हा "एवढंसं तर ऑपरेशन, अंगठ्याचं" असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. दुखणं खरं असतं.

पाच मज्जातंतू

पावलाला पाच मज्जातंतू येतात. त्यातले चार मांडीच्या मागून येणाऱ्या सायटिक या जाडजूड मज्जातंतूच्या फांद्या आहेत. पाचवा, सॅफेनस, मांडीच्या पुढून येणाऱ्या फेमोरलची लांब फांदी आहे. हा पाचवा लक्षात ठेवायचा, कारण तोच विसरला जातो.

घोट्याच्या ब्लॉकमध्ये हे पाचही घोट्याच्या पातळीवर गाठतात. तळव्याला संवेदना देणारा टिबियल हा आतल्या घोट्याच्या मागे, नाडी लागते त्या धमनीच्या शेजारी असतो. डीप पेरोनियल पावलाच्या वरच्या बाजूला, तिथल्या नाडीच्या बाजूला. तो अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मधल्या बेचक्याला संवेदना देतो. पावलाच्या पाठीवर पसरणारा सुपरफिशियल पेरोनियल कातडीच्या लगेच खाली. सुरल बाहेरच्या घोट्याच्या मागे, करंगळीच्या कडेसाठी. आणि सॅफेनस आतल्या घोट्याच्या पुढे, तिथल्या शिरेला लागून. सोनोग्राफीवर बघून दिलं तर प्रत्येकाला तीन ते पाच मिलिलिटर पुरतं. नुसत्या हाताच्या अंदाजाने दिलं तर थोडं जास्त लागतं.

अंगठा, बोटं, पावलाचा पुढचा भाग यांसाठी घोट्याचा ब्लॉक उत्तम. यात पोटरीचे स्नायू चालू राहतात, घोटा वरखाली करता येतो, म्हणून वॉकर धरून बाथरूमला जाणं त्यातल्या त्यात सुरक्षित. पण त्याच्या मर्यादा आहेत. घोट्याच्या सांध्याचं ऑपरेशन त्याने भागत नाही, कारण सांध्याला जाणाऱ्या फांद्या वरच फुटलेल्या असतात. टाचेची गोष्टही तशीच. टाचेच्या आतल्या बाजूला जाणारी टिबियलची फांदी कधी कधी इंजेक्शनच्या जागेच्या वरच निघते, आणि मग बाकी पाऊल बधिर पण टाच जागी, असं होतं.

म्हणून झाडावरून किंवा शिडीवरून पडून टाचेचं हाड फुटलं (आंब्या-नारळाच्या हंगामात कोकणात हे फ्रॅक्चर नवं नाही), किंवा घोटा मोडून प्लेट बसवायची असली, तर गुडघ्यामागच्या लवणीत ब्लॉक देतात. त्याला पॉप्लिटियल ब्लॉक म्हणतात. लवणीच्या घडीपासून साधारण पाच ते दहा सेंटिमीटर वर सायटिक मज्जातंतूचे दोन भाग होतात. तिथे दोन्ही भाग भिजतील असं २० ते ३० मिलिलिटर औषध सोडतात. हा ब्लॉक घोट्याच्या ब्लॉकपेक्षा जास्त टिकतो. पण यात पाऊल वर उचलता येत नाही, लोंबतं. ते माहीत नसलं की रुग्ण घाबरतो, आणि माहीत नसताना उभा राहिला तर पडतो.

लवणीतला ब्लॉक कितीही छान बसला तरी सॅफेनस त्यात येत नाही, कारण तो सायटिकचा नाहीच. मग "बाकी सगळं बधिर आहे, पण आतल्या घोट्याजवळ आग होते" अशी तक्रार येते. त्यासाठी मांडीच्या मध्यावर किंवा गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूला वेगळं पाच ते दहा मिलिलिटर द्यावं लागतं. तुम्हाला पायाला दोन ठिकाणी टोचलं तर ते याच कारणासाठी.

औषध आत काय करतं

मज्जातंतूतून वेदनेचा निरोप जातो तो विजेच्या लहरीसारखा. ती लहर उठते मज्जातंतूच्या भिंतीतली सोडियमची दारं उघडल्यामुळे. बधिरतेचं औषध भिंतीतून आत शिरतं आणि आतल्या बाजूने ती दारं अडवतं. दार उघडत नाही, लहर पुढे सरकत नाही. जखम आहे तशीच असते. फक्त तिचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही.

भिंतीतून आत शिरायला औषधाचा विद्युतभाररहित अंश लागतो. पू झालेल्या, सुजलेल्या जागी आम्लता वाढलेली असते, तिथे हा अंश कमी होतो आणि औषध बाहेरच ताटकळतं. गळवाच्या शेजारी बधिर करूनही रुग्ण ओरडतो, त्यामागे हे रसायन आहे. सडलेल्या मधुमेही पावलात जखमेजवळ टोचण्यापेक्षा लवणीत, निरोगी जागी ब्लॉक देणं म्हणूनच शहाणपणाचं. संसर्ग असलेल्या कातडीतून सुई घालून जंतू खोल नेण्याचा धोकाही त्याने टळतो.

या औषधांच्या नावांच्या शेवटी जे 'केन' येतं ते कोकेनकडून आलेलं आहे. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळा बधिर करायला कोकेन वापरलं, तिथून ही परंपरा सुरू झाली. लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालं, बुपिव्हाकेन १९५७ मध्ये. आजच्या औषधांना कोकेनची नशाही नाही आणि व्यसनही नाही.

लिग्नोकेन पाच-दहा मिनिटांत चढतं आणि एक-दोन तासांत उतरतं; अ‍ॅड्रिनॅलिन मिसळलं तर आणखी थोडं टिकतं. दात काढताना मिळतं ते बहुधा हेच. ऑपरेशननंतरच्या वेदनेसाठी बुपिव्हाकेन, लेव्होबुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन वापरतात. ती चढायला पंधरा ते तीस मिनिटं घेतात, लवणीत कधी पाऊण तासही. पण घोट्यावर साधारण आठ ते अठरा तास आणि लवणीत बारा ते चोवीस तास टिकतात. सोबत डेक्सामेथासोन दिलं तर आणखी काही तासांची भर पडते. हे स्टिरॉइड आहे, एका डोसने हाडं ठिसूळ होत नाहीत; पण मधुमेही माणसाची साखर एक-दोन दिवस वर जाते, तेव्हा ती मोजत राहावी.

दोन-तीन दिवस बधिरता हवी असेल तर मज्जातंतूशेजारी बारीक नळी ठेवून तिला फुग्यासारखा पंप जोडतात, त्यातून ०.२ टक्के रोपिव्हाकेन ताशी चार ते आठ मिलिलिटर जात राहतं. सोय चांगली आहे, पण नळी सरकते, ड्रेसिंगखालून औषध गळतं. रुग्णाला वाटतं पंप चालू आहे, आणि औषध गादीत जात असतं. पट्टी ओली लागली आणि दुखू लागलं, तर आधी हीच शंका घ्यावी.

किती औषध चालतं

बाटलीवरच्या टक्क्याला दहाने गुणलं की एका मिलिलिटरमधले मिलिग्रॅम मिळतात. ०.५ टक्के म्हणजे मिलिलिटरला पाच मिलिग्रॅम. बुपिव्हाकेनची मर्यादा साधारण किलोला दोन मिलिग्रॅम धरतात, रोपिव्हाकेनची तीन. म्हणजे ६० किलोच्या माणसाला बुपिव्हाकेन १२० मिलिग्रॅम, अर्थात ०.५ टक्क्याचं २४ मिलिलिटर. रोपिव्हाकेन १८० मिलिग्रॅम, ०.५ टक्क्याचं ३६ मिलिलिटर. वयस्कर, अशक्त, यकृत किंवा हृदय कमजोर असलेल्यांना याहूनही कमी.

चूक होते ती बेरजेत. भूलतज्ज्ञाने लवणीत २० मिलिलिटर दिलेलं असतं, म्हणजे १०० मिलिग्रॅम. ऑपरेशन संपताना सर्जन जखमेत आणखी दहा मिलिलिटर सोडतात, म्हणजे ५०. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर, पण ६० किलोच्या शरीरात गेलं १५० मिलिग्रॅम. दोन वेगळी 'केन' वापरली तरी विषारीपणा एकात एक मिळतोच; लिग्नोकेनची मर्यादा वेगळी आणि बुपिव्हाकेनची वेगळी, असा दुहेरी हिशेब चालत नाही. चांगल्या थिएटरमध्ये हा आकडा मोठ्याने सांगितला जातो आणि फळ्यावर लिहिला जातो.

औषध रक्तात जास्त गेलं तर तोंडाभोवती आणि जिभेला बधिरपणा, तोंडात धातूची चव, कानात गुंई, बडबड किंवा अस्वस्थपणा, मग झटके आणि शेवटी हृदयाची गती बिघडणं, असा क्रम असू शकतो. ही लक्षणं इंजेक्शन चालू असतानाच येऊ शकतात किंवा पुढच्या अर्ध्या तासात. म्हणून भूलतज्ज्ञ तीन-चार मिलिलिटर सोडून थांबतात, सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना बघतात, पुन्हा थोडं सोडतात. या वेळी जीभ जड वाटली तर "लाज वाटते, कशाला सांगू" असं करू नका, लगेच सांगा. यावरचा उतारा म्हणजे २० टक्क्यांचं स्निग्ध द्रावण, दुधासारखं पांढरं, जे शिरेतून पोषणासाठी देतात तेच. ६० किलोला पहिला डोस ९० मिलिलिटर. ते कपाटात कुलूपबंद नको, ब्लॉक देतात त्या खोलीत हवं.

सुई टोचताना

त्या दिवशी उपाशीपोटी येताना एक घोटाळा नेहमी होतो. "काही खाल्लं नाही, फक्त चहा घेतला." दुधाचा चहा हे अन्नच धरतात, त्याला आणि जेवणाला सहा तास, साध्या पाण्याला दोन तास. ब्लॉक बसला नाही तर पूर्ण भूल द्यावी लागू शकते, आणि तेव्हा पोटातला चहा फुप्फुसात जाण्याची भीती असते. म्हणून नुसतं पाऊलच बधिर करणार असले तरी हा नियम पाळायचा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आधीपासून असलेल्या मुंग्या किंवा बधिरपणा, आणि पूर्वी कुठल्या इंजेक्शनची खरी अ‍ॅलर्जी आली का, हे आधी सांगायचं. या गटातल्या औषधांची खरी अ‍ॅलर्जी फार क्वचित असते. दातांच्या डॉक्टरकडे छाती धडधडली होती ती बहुधा अ‍ॅड्रिनॅलिनमुळे. तरी निर्णय भूलतज्ज्ञाला करू द्या.

ऑपरेशनच्या पायावर पेनची खूण असते ती पुसू नका. चुकीच्या पायाला ब्लॉक देण्याची चूक जगभर होते, कारण रुग्ण पालथा वळला की डावं-उजवं फसतं. सुई टोचण्याच्या क्षणी थांबून, खूण बघून, रुग्णाला विचारून मगच पुढे जायचं हा यावरचा उपाय. कुणी विचारलं नाही तर तुम्हीच म्हणा, "डॉक्टर, उजवा पाय."

मोठ्या रुग्णालयात सोनोग्राफीवर बघत सुई नेतात. लहान ठिकाणी ती नसते, आणि त्याला एक कायदेशीर कारणही आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठीच्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, त्यामुळे भूलतज्ज्ञाला ते बॅगेत घालून या रुग्णालयातून त्या रुग्णालयात नेता येत नाही. तिथे नर्व्ह स्टिम्युलेटर वापरतात. सुईतून अगदी सौम्य करंट सोडला की पाऊल आपोआप हलतं. ते ०.५ मिलिअँपिअरच्या आसपास हलत असेल तर सुई योग्य जवळ आहे, ०.२ च्या खालीही हलत राहिलं तर सुई मज्जातंतूत शिरली असण्याची शंका घेऊन मागे घेतात. घोट्याचा ब्लॉक तर खुणा बघून, नाडी चाचपूनही नीट देता येतो. मशीन नाही म्हणून काळजी नको.

औषध सोडताना दाब जाणवणं ठीक. पण वीज चमकल्यासारखी कळ पावलात गेली तर लगेच बोला, सुई हलवली जाते. एवढ्याचसाठी ब्लॉक देताना गुंगीचं औषध बेताचंच देतात. मज्जातंतूला काही दिवस-आठवडे टिकणाऱ्या मुंग्या थोड्या जणांना येतात आणि जातात. कायमची इजा दर १०,००० मागे दोन ते चार इतकी क्वचित.

ऑपरेशन चालू असताना ओढणं, दाबणं, खटखट जाणवते, कारण दाबाची संवेदना सगळ्यात शेवटी जाते. ती वेदना नव्हे. रक्तस्राव थांबवायला मांडीला आवळून बांधलेला पट्टा मात्र खरंच दुखू शकतो. पावलाच्या ब्लॉकमध्ये मांडी येत नाही. नुसत्या ब्लॉकवर काम करायचं तर पट्टा घोट्याच्या वर बांधावा लागतो.

घड्याळ बघून गोळी

आता पुन्हा त्या पहिल्या रात्रीकडे येऊ. ब्लॉक दिल्याची वेळ डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. अकराला लवणीत दिला असेल तर तो रात्री अकरा ते सकाळी अकराच्या दरम्यान कधीही उतरेल. घोट्याचा असेल तर संध्याकाळी सातपासूनच वाट बघायची. उतरताना पहिलं काय येतं? मुंग्या. मग ऊब, मग ठणका. मुंग्यांपासून पुऱ्या ठणक्यापर्यंत काही वेळा अर्धा-पाऊण तासच मिळतो, आणि झोपेत तर मुंग्या कळतच नाहीत.

त्यामुळे गोळ्या दुखण्यावर नाही, घड्याळावर घ्यायच्या. वजन ५० किलोच्या वर आणि यकृत ठीक असेल तर पॅरासिटामॉल एक ग्रॅम दर सहा तासांनी असं साधारण लिहून देतात: दुपारी तीन, रात्री नऊ, पहाटे तीन. पहाटे तीनचा गजर लावायचा. ज्याने लावला नाही त्याला पाय उठवतो. त्यासोबत सूज उतरवणारी गोळी जेवणानंतर, पण किडनी अशक्त असेल, पोटात अल्सर असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा हाड जुळण्याच्या काळजीने सर्जनने नको म्हटलं असेल तर नाही. तिसरी, जास्त जोराची गोळी (बहुधा ट्रामाडॉल) जवळ ठेवायची आणि मुंग्या सुरू झाल्या की घ्यायची. नैराश्याच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर ट्रामाडॉलआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

इथे एक सापळा आहे. प्रौढासाठी पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा चोवीस तासांत चार ग्रॅम; वयस्कर, बारीक किंवा दारू घेणाऱ्यांना त्याहून कमी. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या म्हणजे ३.९ ग्रॅम, मर्यादा तिथेच संपली. पण आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच 'दुखण्याच्या गोळ्यां'मध्ये पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं: सूज उतरवणाऱ्या एसिक्लोफिनॅकसोबत बहुधा ३२५ मिलिग्रॅम, ट्रामाडॉलसोबतही तेवढंच. तीन वेगळ्या नावांच्या तीन गोळ्या घेतल्या आणि तिन्हींत तेच. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचून बेरीज करा, आणि केमिस्टकडून वरून आणखी एक पाकीट आणू नका.

ब्लॉक उतरल्यावरची ही उसळी काही तासांची असते. तरुण माणसांना आणि हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर ती जास्त जाणवते. ब्लॉक दिल्यामुळे मूळ दुखणं वाढलेलं नसतं. शून्यावरून एकदम वर जाताना ते मोठं भासतं.

बधिर पाऊल घरात

बधिर पावलाला भाजल्याचं कळत नाही. गरम पाण्याची पिशवी, अंथरुणाजवळची डासांची कॉइल, थंडीतली शेकोटी, सगळं लांब. बर्फही थेट नको. रुमालात गुंडाळून वीस मिनिटांच्या आत, आणि कातडी बघायची. पाय हृदयाच्या पातळीच्या वर ठेवायचा, पण उशी पोटरीखाली घ्यायची, टाच अधांतरी. टाच रात्रभर गादीवर टेकून राहिली तर सकाळी तिथे काळपट डाग दिसतो, तो दाबाचा व्रण असतो, आणि तो भरायला ऑपरेशनच्या जखमेहून जास्त दिवस घेतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाडाचा जो गोटीसारखा उंचवटा लागतो, तिथून एक मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो. प्लास्टरची कड किंवा उशीची घडी तिथे रुतू देऊ नका.

रुग्णालयातून दुचाकीवर मागे बसून जाऊ नका. लोंबणारं पाऊल कुठे लागलं, चाकाजवळ गेलं, काही कळणार नाही. एकट्याने जिना नको. उकिडवं बसायचा संडास असेल तर कमोड खुर्ची आधीच आणून ठेवा. आणि पाय हलत नाही तोवर उठताना कुणीतरी बाजूला हवंच, रात्री तीनलासुद्धा.

दर दोन-तीन तासांनी बोटांकडे बघा. रंग गुलाबी हवा. नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. बोटं निळी, पांढरी किंवा गार पडली, पट्टी आवळल्यासारखी झाली, गोळ्या घेऊनही दुखणं चढतच गेलं, कुणी बोटं हलक्या हाताने ताणली की किंकाळी निघते अशी अवस्था झाली, तर सकाळची वाट बघू नका. पायाच्या स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा बंद पडत असू शकतो आणि ते तासांतच बिघडतं. ब्लॉक चालू असताना हे दुखणं झाकलं जाऊ शकतं, म्हणून चिरडलेल्या पायाला किंवा पोटरीच्या फ्रॅक्चरला ब्लॉक द्यायचा की नाही याचा सर्जन आणि भूलतज्ज्ञ आधी मिळून विचार करतात. पोटरी सुजून दुखणं, दम लागणं, ताप येणं यालाही लगेच फोन करायचा. आणि अठ्ठेचाळीस तास उलटूनही बधिरपणा तसाच असेल, पाऊल उचलत नसेल, तर कळवायचं.

मधुमेही माणसाचं सगळंच थोडं वेगळं. त्याच्या मज्जातंतूंना आधीच इजा झालेली असते, ब्लॉक जास्त लांबू शकतो, आणि तो उतरल्याचं कळतही नाही. म्हणून त्याच्या पावलात ऑपरेशनच्या आधी कुठे कळतं, कुठे नाही, हे टोचून बघून कागदावर लिहून ठेवतात. ते लिहिलेलं नसेल तर पुढे "ब्लॉकमुळे पाय बधिर झाला" की "आधीपासूनच होता" हे कुणालाच सांगता येत नाही. त्याच्यासाठी दुखणं हा इशारा नाही. डोळे हाच इशारा. पावलाकडे दिवसातून दोनदा घरातल्या कुणीतरी बघायचं, तळव्यासकट.

तिसऱ्या दिवसापासून बहुतेकांचं दुखणं उतरणीला लागतं. गोळ्या कमी करताना आधी जोराची बंद, मग सुजेची, आणि पॅरासिटामॉल सगळ्यात शेवटी. पाय खाली सोडला की रक्त उतरून जो ठणका लागतो तो आणखी दोन-तीन आठवडे राहतो. सर्जनने पाय खाली सोडायला परवानगी दिली की तासाला पाच मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवायचं. टाक्याच्या अगदी लगतची बारीक बधिर पट्टी पुष्कळांना महिनोन्‌महिने राहते. ती ब्लॉकची नाही. कातडी कापताना तिथले सूक्ष्म तंतू कापले गेलेले असतात. ब्लॉकचा बधिरपणा राहिला तर तो टाक्याजवळ नाही, त्या मज्जातंतूच्या सगळ्या प्रदेशात असतो: पूर्ण तळवा, किंवा करंगळीची पूर्ण कड, किंवा पावलाची सगळी पाठ.